वाचकांचे प्रश्न : सड्यावरचे नाकतोडे नेमके किती?

प्रश्न : बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी गावच्या सड्यावरचे, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरचे, नाकतोडे मोजले. पहिल्या दिवशी ६० धरले, पाठीवर पांढरा ठिपका देऊन सोडले. पाच दिवसांनी पुन्हा ५० धरले, त्यांत ठिपकेवाले ४ च निघाले. सूत्राने एकूण संख्या ७५० येते. सरांना ती फार वाटते. चूक कुठे झाली?
– विद्यार्थिनी, देवगड

उत्तर : गुणाकार-भागाकार बरोबर आहे. ६० गुणिले ५० भागिले ४, म्हणजे ७५०. लिंकन-पीटर्सन पद्धत, म्हणजे खूण करून सोडलेल्यांपैकी किती पुन्हा सापडले यावरून एकूण संख्या काढणं, हेच सांगते. पण सगळा डोलारा त्या ४ वर उभा आहे. ठिपकेवाला एक जादा सापडला असता तर उत्तर ६०० आलं असतं, एक कमी सापडला असता तर १०००. इतक्या लहान आकड्यासाठी चॅपमनची दुरुस्ती वापरा : ६१ गुणिले ५१ भागिले ५, त्यातून १ वजा. उत्तर ६२१. त्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाज किती हलू शकतो याचं माप, सुमारे २३१ निघते. दोन्ही बाजूंना तिच्या जवळपास दुप्पट धरली तर खरी संख्या ढोबळमानाने १७० ते १०७० यांच्यामध्ये कुठेही असू शकते. अहवालात हा पल्ला लिहाच. नुसते ७५० किंवा ६२१ लिहिणं म्हणजे माहीत नसलेलं माहीत असल्यासारखं सांगणं होईल.

आता ४ च का निघाले? आमचा पहिला संशय पिल्लांवर आहे. नाकतोड्याचं पिल्लू मोठं होताना पाच-सहा वेळा कात टाकतं, आणि तुम्ही दिलेला ठिपका त्या कातीबरोबर गवतात पडून राहतो. पाच दिवसांत बरीच पिल्लं ठिपक्याविना ‘नवी’ झाली असणार. ठिपकेवाले कमी सापडले की उत्तर फुगतं.

तेव्हा फक्त प्रौढ धरा. नुसत्या पंखांच्या लांबीवर जाऊ नका, काही जातींचे प्रौढही आखूड पंखांचेच असतात. भिंगाखाली पंखांची रचना बघा. प्रौढात पुढचा, जरा जाड पंख वर असतो आणि मागचा त्याच्याखाली घडी होऊन बसतो. मोठ्या पिल्लात उलट : मागच्या पंखाची कळी पुढच्या कळीवर आलेली दिसते. ही एक खूण सरावाची झाली की जाळीतला नाकतोडा दोन सेकंदांत ओळखता येतो.

पांढरा ठिपकाही घातक. पावसाने हिरव्या झालेल्या सड्यावर तो वेड्या राघूला आणि सरड्याला लांबून दिसतो, ठिपकेवाले आधी खाल्ले जातात आणि संख्या आणखी फुगते. उलट, तो तुमच्याही नजरेत आधी भरतो, मग तेच जास्त धरले जातात आणि संख्या घटते. दोन्ही चुका एकमेकींना खोडतील अशा भरवशावर राहू नका. ठिपका छातीच्या खालच्या बाजूला, पायांच्या मध्ये द्या. झाडूच्या हिराचं टोक रंगात बुडवून मोहरीपेक्षा लहान ठिपका पुरतो. रंग सांध्यात किंवा पोटाच्या कडेच्या श्वासछिद्रांत जाता कामा नये. अंग ओलं असेल तर रंग धरत नाही, म्हणून दव किंवा पाऊस वाळल्यावरच काम सुरू करा आणि मिनिटभर वाळू देऊनच सोडा. ठिपका दिलेले दहा आणि न दिलेले दहा जाळीच्या पिंजऱ्यात, गवतासकट, दिवसभर ठेवून बघा. रंगानेच मरत असतील तर तिथेच कळेल.

सोडताना एका जागी सोडू नका, सड्यावर वीस-पंचवीस ठिकाणी विखुरून सोडा. दुसरी खेप दोन दिवसांनी घ्या. सड्याला कुंपण नसतं, पाच दिवसांत बाहेरचे येतात आणि आतले जातात. आणि दोन्ही खेपांना १२० धरायचं लक्ष्य ठेवा. संख्या ६०० च्या आसपास असेल तर ठिपकेवाले साधारण २४ मिळतील, आणि तेवढ्यावर काही बोलता येईल.

प्रश्न : लघू म्हणजे १ मात्रा, गुरू म्हणजे २. मग ८ मात्रांची ओळ किती प्रकारे होऊ शकते? सगळे प्रकार लिहून काढताना चुकतोय.
– विद्यार्थी, इयत्ता दहावी, मालगुंड

उत्तर : ३४ प्रकारे. लिहून काढू नका, शेवटून विचार करा. ओळ लघूने संपत असेल तर आधीच्या ७ मात्रा हव्यात, गुरूने संपत असेल तर ६. म्हणून ८ चे प्रकार म्हणजे ७ चे आणि ६ चे मिळून. १ मात्रेचा १ प्रकार, २ मात्रांचे २, मग ३, ५, ८, १३, २१, ३४. ही मालिका फिबोनाचीच्या नावाने पाठ्यपुस्तकात येते. त्याचा ग्रंथ १२०२ सालचा. छंदशास्त्रात विरहांकाने आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने ती त्याआधीच मांडली होती, तीही नेमक्या तुमच्याच प्रश्नासाठी.

प्रश्न : एम.ए.च्या प्रबंधासाठी तीन गावांतल्या सहा बायकांकडून जात्यावरच्या ४० ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्या प्रमाण भाषेत ‘शुद्ध’ करून घ्याव्यात का? आणि गावागावांतला फरक अक्षरं मोजून दाखवता येईल का?
– गुहागर

उत्तर : शुद्ध करू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे. ‘तिनं केलान’ हे ‘तिनं केलं’ केलंत की तीन अक्षरांच्या जागी दोन उरतात आणि क्रियापदाला लागलेला तो ‘न’, म्हणजे तुमच्या भागातल्या बोलीची खूणच, जातो. मग मोजणार काय? प्रत्येक ओळ दोनदा लिहा : वर जशी ऐकू आली तशी, खाली प्रमाण भाषेत, निव्वळ वाचकाच्या सोयीसाठी. मोजणी वरच्या ओळीची.

गाताना ‘गं’, ‘बाई’ अशी भर पडते आणि ओळ लांबते. म्हणून आकडे दोन ठेवा, भरीसकट आणि भरीविना. प्रत्येक ओळीला गाव-गायिका-बैठक-ओवी-ओळ असा क्रमांक द्या. पुढे हजार ओळी झाल्या तरी गोंधळ होणार नाही.

गावांच्या तुलनेआधी एक गोष्ट राहिली आहे. प्रत्येक बाईंकडून तीच ओवी आठवड्याने पुन्हा म्हणवून घ्या. त्यांच्या स्वतःच्याच दोन वेळच्या म्हणण्यात फरक असतो. दोन गावांतला फरक त्याहून मोठा निघाला तरच तो गावाचा. नाहीतर एकाच बाईंच्या आठवणीचे दोन दिवस तुम्ही दोन परंपरा म्हणून मांडाल. गावामागे दोनच गायिका असल्याने तरीही जपून बोला, ओव्या ४० असल्या तरी आवाज सहाच आहेत. आणि प्रबंधात नाव हवं की नको, हे त्या-त्या बाईंना आधी विचारा.

प्रश्न : नववीच्या ४५ मुलांत पहिल्या चाचणीतले सर्वांत कच्चे १५ निवडून महिनाभर रोज दहा मिनिटांची छोटी चाचणी घेतली. त्यांची सरासरी २० पैकी ७ वरून १० वर गेली. हे शोधनिबंधात मांडता येईल का?
– गणित शिक्षक, राजापूर तालुका

उत्तर : सर, मेहनत खरी आहे, पण ३ गुण सगळे तिचे म्हणता येणार नाहीत. तळातली मुलं निवडली की त्यांत त्या दिवशी ताप असलेली, प्रश्न चुकून वाचलेलीही येतात. पुढच्या वेळी ती आपोआप वर सरकतात. गाल्टनने १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं होतं. समजा वर्गाची सरासरी दोन्ही वेळा १२, गुणांचा विस्तारही तेवढाच, आणि दोन चाचण्यांतला सहसंबंध (एका चाचणीतले गुण दुसरीशी किती जुळतात याचं माप, पूर्ण जुळले तर १) ०.६. तुमची मुलं सरासरीखाली ५ गुण होती, काहीही न करता ती ५ गुणिले ०.६, म्हणजे ३ गुण खाली राहतील. सरासरी ९. मग तुमच्या वाट्याला १ गुण उरतो.

कल्पना मात्र सोडू नका. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला किंवा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले, ५६ विरुद्ध ४२. तो गद्य उताऱ्यांवरचा प्रयोग होता, त्यामुळे गणितासाठी तुमचं काम मोलाचं ठरेल.

या वेळी तळातली ३० मुलं गुणांच्या क्रमाने लावा, लागोपाठच्या दोघांची जोडी करा आणि प्रत्येक जोडीसाठी नाणं उडवा. एकाला रोज उदाहरणांचा कोरा कागद, दुसऱ्याला तीच उदाहरणं सोडवलेला कागद, दहा मिनिटं दोघांनाही. दोन्ही कागद एकाच रंगाचे असू द्या. शेवटच्या चाचणीत आकडे बदला, नाहीतर पाठांतर मोजलं जाईल. ती सराव संपल्यावर आठवड्याने घ्या, गणपतीच्या सुट्टीला लागून नको, मुंबईच्या पाहुण्यांमुळे निम्मा वर्ग जागेवर नसतो. पेपर नाव दुमडून दुसऱ्या शिक्षकांकडून तपासून घ्या. निष्कर्ष काढायचा तो १५ जोड्यांतल्या फरकांवरून. पुढच्या महिन्यात गट बदला, म्हणजे सरावाला कोणी मुकणार नाही. आणि मध्येच सरावाला दांड्या मारणारं मूलही नाण्याने ज्या गटात टाकलं त्याच गटात मोजा. त्याला वगळलंत की चिकाटीची मुलं तेवढी एका बाजूला उरतात.