वाचकांचे प्रश्न : चढावर घसरणारी चेन

प्रश्न : माझ्या मुलाची सायकल पुढे तीन आणि मागे सात चकत्यांची, म्हणजे २१ गिअरची आहे. रंकाळ्याच्या बाजूने ती बिनतक्रार चालते. पण पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या पुढे चढ लागला आणि जोर लावला, की मागे ‘खट्’ असा आवाज होऊन चेन घसरते आणि पॅडल एकदम पुढे निसटते. सर्वांत मोठ्या चकतीवर मात्र असे सहसा होत नाही. दुकानात गिअरची वायर ताणून घेतली, मग नवी चेन बसवली, तर घसरणे उलट वाढले. आता काय करावे?
— एक पालक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : दोष शोधण्यासाठी लागणाऱ्या जवळजवळ सर्व खुणा आपल्या पत्रातच आल्या आहेत. वायर सैल असेल, तर चेन एका चकतीवरून शेजारच्या चकतीवर जाऊ पाहते आणि हा त्रास सपाट रस्त्यावरही जाणवतो. आपल्याकडे चेन त्याच चकतीवर राहून दातावरून उडी मारते आणि तेही फक्त जोर लावल्यावर. म्हणजे मागच्या चकत्यांचे दात झिजले आहेत. सर्वांत मोठी चकती कमी वापरली जाते, शिवाय तिच्यावर एका वेळी जास्त दात चेनला धरून असतात, म्हणून ती अजून साथ देते आहे.

नव्या चेनने दुखणे का वाढले, तेही यातूनच समजते. चेनच्या एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर अर्धा इंच असते. वापराने पिना आणि त्यांच्याभोवतीचा भाग झिजतो, प्रत्येक कडीत थोडी ढिलाई येते आणि संपूर्ण चेन लांबते. लांबलेली चेन दातांच्या टोकाकडे चढून बसते व दातही तसेच झिजवत नेते, त्यामुळे जुनी चेन आणि जुन्या चकत्या बरोबरीने झिजून एकमेकींशी कशाबशा जुळलेल्या असतात. त्यात अचूक मापाची नवी चेन आली, की ती झिजलेल्या दातांवर नीट बसत नाही आणि जोर पडताच सुटते. जुनी चेन काढण्यापूर्वी दुकानात ती मोजली असती, तर हे आधीच कळले असते.

मोजण्यासाठी महागडे साधन लागत नाही; मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी छोटी पडेल, एवढेच. १२ इंचांची पोलादी पट्टी घ्यावी, पॅडल किंचित दाबून वरची चेन ताणलेली ठेवावी आणि शून्याची खूण एका पिनेच्या बरोबर मध्यावर धरावी. चेन नवी असेल तर १२ इंचांच्या खुणेवरही पिनेचाच मध्य येतो. तो साधारण दीड मिलिमीटर पुढे गेला असेल तर चेन बदलावी. तीन मिलिमीटरपर्यंत गेला असेल तर मागच्या चकत्याही गेल्या, असे धरून चालावे.

आपल्या सायकलीवर नवी चेन आहेच, म्हणून नवे फ्रीव्हील, म्हणजे मागच्या सात चकत्यांचा एकत्र जुडगा, तेवढे बसवावे. ते काढायला त्याच्या खाचांत बसणारे खास टूल आणि मोठा पाना लागतो, शिवाय पॅडल मारण्याच्या जोराने ते हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, घट्ट आवळलेले असते. हे काम दुकानातच द्यावे. मात्र खर्च करण्यापूर्वी एक गोष्ट पाहून घ्या. पॅडल हाताने सावकाश उलटे फिरवा आणि मागच्या चकत्यांखालच्या दोन छोट्या चाकांवरून जाताना एखादी कडी अडखळते का ते बघा. नवी चेन जिथे जोडली असेल, तिथली पीन आवळलेली राहिल्यास तेवढीच कडी ताठ राहते आणि चेनच्या प्रत्येक फेरीत एकदा झटका बसतो. ती कडी हाताने आडवी, हलकेच वाकवून मोकळी करता येते. चकत्यांच्या मधल्या फटीत उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावर आणलेला चिखल वाळून बसला असेल, तर तोही आधी ब्रशने काढावा. दुरुस्ती होईपर्यंत मुलाने चढावर उभे राहून पॅडल मारू नये. चेन त्या क्षणी सुटली, तर तो थेट हँडलवर आदळेल.

प्रश्न : नवी सायकल घेऊन महिनाही झाला नाही, तोच गिअर आपोआप बदलू लागला आहे. डिरेलरवरचे, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या मागच्या भागावरचे, दोन स्क्रू फिरवून पाहू का?
— एक विद्यार्थिनी, कागल

उत्तर : त्या स्क्रूंना हात लावू नका. चेनने दोन्ही टोकांना कुठवर जायचे, एवढेच ते ठरवतात. चुकीचे फिरले तर चेन स्पोकांत शिरते. नव्या सायकलीची केबल, म्हणजे गिअरची वायर, आणि तिचे आवरण पहिल्या काही आठवड्यांत आपल्या जागी बसते व केबल थोडी सैल पडते, म्हणून ही तक्रार अगदी नेहमीची आहे. मागचे चाक अधांतरी राहील अशी सायकल कुणाला तरी धरायला सांगा, चेन सर्वांत लहान चकतीवर आणा आणि पॅडल फिरवत गिअरचा एकच खटका द्या. चेन दुसऱ्या चकतीवर चढायला कुरकुरली, तर केबल डिरेलरमध्ये शिरते तिथला गोल नॉब मागून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवा; चेन तिसऱ्या चकतीला घासू लागली, तर सुलट दिशेने. पाव-अर्ध्या फेऱ्यांनी पुढे जावे. एवढ्याने भागले नाही आणि सायकल उजव्या कुशीवर पडलेली असेल, तर डिरेलर ज्या पट्टीला लटकतो ती वाकली असण्याची शक्यता आहे. मग दुकान गाठा.

प्रश्न : चकत्यांचे झिजलेले दात उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत, घासून सारखे करून मिळतील का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : उद्यमनगरात काय होत नाही! पण घासल्याने धातू आणखी कमी होतो. दोन दातांमधली रुंदावलेली खाच त्याने भरून येत नाही. शिवाय काही दात मुळातच आखूड किंवा तिरपे असतात. चेन एका चकतीवरून दुसरीवर सहज चढावी म्हणून ते कारखान्यातच तसे केलेले असतात. नव्या फ्रीव्हीलवर असे दात दिसले, तर ते झिजलेले समजून परत करायला जाऊ नये.