आधी ते जाडजूड पाकीट उघडा

एका वाचक ताईंचं पत्र, २०२५ मधलं, थोडं कापून:

"आम्ही ऑगस्टच्या शेवटी पुण्याहून जर्मनीत श्टुटगार्टला आलो. मिस्टरांची नोकरी १ सप्टेंबरला सुरू झाली, पगार वर्षाला ८०,००० युरो. मुलगी अडीच वर्षांची. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सध्या घरी असते आणि भाषा शिकते. घराचं डिपॉझिट आणि आधीच्या भाडेकरूकडून किचन विकत घेण्यात बरेच पैसे गेले, हातात साधारण ६,००० युरो उरलेत. पुण्यातल्या आमच्या बँकेचे रिलेशनशिप मॅनेजर 'एनआरआय चाइल्ड प्लॅन' घ्या म्हणतात. वर्षाला ३ लाख रुपये, १० वर्षं भरायचे, अठरा वर्षांनी ५४ लाख, तेही करमुक्त. जर्मन सरकार मुलामागे महिन्याला २५५ युरो देतं, हप्ता त्यातूनच निघेल असंही ते म्हणाले. घ्यावा का? बाकी सगळं मार्गी लागलंय. इथल्या एका मराठी ओळखीच्या ब्रोकरने मिस्टरांचा खासगी आरोग्य विमा काढून दिला, महिन्याला फक्त ३१० युरो कापले जातात. पॉलिसीचं जाडजूड पाकीट परवा आलं, सगळं जर्मनमध्ये आहे, अजून उघडलं नाही. माझा (५४० युरो) आणि मुलीचा (१९० युरो) विमा पुढच्या महिन्यात जोडायचाय, तोवर भारतातून आणलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स आहे. मला थायरॉइडची गोळी चालू आहे, पण ते फॉर्मवर लिहायची गरज नाही असं ब्रोकर म्हणाले."

ताई, चाइल्ड प्लॅन घेऊ नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच, त्याचा हिशेब शेवटी देतो. पण 'बाकी सगळं मार्गी लागलंय' या वाक्यानंतर तुम्ही जे चार ओळींत उरकलंत, ते वाचून मी चहाचा कप खाली ठेवला आणि हा लेख लिहायच्या आधी तुम्हाला मेल केला. कारण त्या न उघडलेल्या पाकिटावर घड्याळ चालू आहे.

जर्मनीत पगारदार माणसासाठी आरोग्य विम्याचे दोन रस्ते आहेत. एक सार्वजनिक, म्हणजे 'क्रांकनकासे' नावाच्या फंडांचा. दुसरा खासगी कंपन्यांचा. ठरावीक पगाराच्या खाली असाल तर सार्वजनिकच घ्यावा लागतो, २०२५ साठी ही रेषा ७३,८०० युरो होती. तुमचे मिस्टर रेषेच्या वर असल्याने त्यांना निवड मिळाली. ब्रोकरने ती त्यांच्या वतीने करून टाकली, आणि निवड होती हे बहुधा सांगितलंही नाही.

सार्वजनिक विम्यात वर्गणी पगाराच्या टक्क्यांनी, तीही एका मर्यादेपर्यंतच. निम्मी मालक भरतो. तुमच्या पगाराला २०२५ च्या दरांनी तुमच्या वाट्याचे महिन्याला साधारण ५७० युरो येतात, परिचर्या विमा (म्हातारपणी किंवा अपंगत्वात लागणाऱ्या देखभालीचा) धरून. आता ब्रोकरची जाहिरात कशी चालते बघा: "तिकडे ५७०, इकडे ३१०, महिन्याला २६० वाचले!" एकट्या, तिशीतल्या, धडधाकट माणसासाठी हे खरंही आहे. पण तुम्ही तिघं आहात. सार्वजनिक विम्यात त्या ५७० मध्ये न कमावणारी बायको आणि मूल फुकट येतात. उद्या दुसरं झालं तर तेही. खासगीत माणशी हप्ता.

तुमच्याच आकड्यांनी करू. मिस्टरांचा पूर्ण हप्ता ६२० (तुम्हाला दिसतो तो अर्धा), तुमचा ५४०, मुलीचा १९०. एकूण १,३५०. मालक निम्मं देतो, पण २०२५ च्या दरांनी कमाल ५७० च्या आसपास. उरले ७८०. म्हणजे पुढच्या महिन्यापासून ३१० चे ७८० होणार आणि सार्वजनिक विम्यापेक्षा तुम्ही महिन्याला दोनशे युरो जास्त मोजणार. वर्षाला अडीच हजार. शिवाय अशा पॉलिसीत बहुतेकदा वर्षाची पहिली ठरावीक रक्कम स्वतः भरायची असते. तुमच्यात किती आहे ते त्या पाकिटातच लिहिलेलं असणार.

आणि हे पहिल्या वर्षाचं. खासगी हप्ता पगाराशी बांधलेला नसतो, तो वयाबरोबर आणि महागाईबरोबर चढत जातो. पगार थांबला तरी तो थांबत नाही. मग 'नको झालं, परत सार्वजनिकमध्ये जाऊ' म्हटलं तर पगार त्या रेषेच्या वर असेपर्यंत दार बंद, आणि पंचावन्नच्या पुढे जवळजवळ कुलूपच. ज्याने तुम्हाला आत घातलं त्याचं कमिशन तेव्हा कधीच खर्चून झालेलं असेल. मराठी माणूस परमुलखात भेटला, गणपतीच्या आरतीला शेजारी उभा राहिला, की आपण सही करायला पेन स्वतःचंच काढतो. जरा थांबावं.

आणखी एक गाठ आहे, ती कुणीच आधी सांगत नाही. वर्षभराने तुम्ही नोकरीला लागाल आणि तुमचा विमा सार्वजनिक होईल. तेव्हा वाटेल, मुलीला माझ्यासोबत फुकट घेते. नाही घेता येणार. जास्त कमावणारा पालक खासगीत असेल आणि त्याचा पगार रेषेच्या वर असेल, तर मूल दुसऱ्या पालकाच्या कौटुंबिक विम्यात बसत नाही. मुलीचे १९० चालूच.

अडीच वर्षांच्या मुलीच्या घरात याहून मोठा फरक पडतो तो आजारपणात. कीटा, म्हणजे तिथलं पाळणाघर, सुरू झालं की पहिला हिवाळा नाक वाहण्यातच जातो. आधी 'आइनगेव्योनुंग': काही आठवडे आई किंवा बाबा मुलासोबत तिथे बसतात, मग हळूहळू बाहेर पडतात. ते संपतं तोवर पहिला ताप येतो. सार्वजनिक विम्यात आईबाप आणि मूल असतील तर आजारी मुलासाठी प्रत्येक पालकाला २०२५ च्या नियमानुसार १५ दिवसांपर्यंत रजा आणि तिचा बुडालेला बराचसा पगार फंडाकडून मिळतो. खासगी विमेदाराला हा भत्ता नाही. डॉक्टरचं बिलही खासगीत आधी आपण भरायचं, मग पावत्या पाठवून पैसे परत मागायचे, जर्मनमध्ये. हातात सहा हजार युरो असलेल्या घराला ही उधारी परवडत नाही.

खासगी विमा फसवा आहे असं मी म्हणत नाही. तज्ज्ञ डॉक्टरची वेळ लवकर मिळते, सरकारी कर्मचाऱ्यांना तर तो बहुतेकदा फायद्याचाच पडतो. तुम्हाला तो बसत नाही, इतकंच.

आता थायरॉइड. हे वाचून मात्र मला राग आला, आणि तो तुमच्यावर नाही. खासगी कंपनी फॉर्मवर तब्येतीचे प्रश्न विचारते आणि उत्तरं खरी असावी लागतात. गोळी लपवलीत आणि तीन वर्षांनी मोठं बिल आलं, की कंपनी जुने कागद काढते. करार मोडू शकते, पैसे नाकारू शकते. तेव्हा 'ब्रोकर म्हणाला होता' याला काही अर्थ नाही, सही तुमची. खरं लिहिलंत तर कदाचित हप्ता वाढेल. क्रांकनकासे मात्र थायरॉइड आहे म्हणून तुम्हाला नाकारूही शकत नाही आणि एक युरो जास्तही लावू शकत नाही. तुमचा फॉर्म अजून गेलेला नाही, हे नशीब समजा.

तर आज करायचं काम. पाकीट उघडा, कागद मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. तिथपासून १४ दिवसांत विमा करार कारण न देता मागे घेता येतो. त्याला 'विडररूफ' म्हणतात, साध्या ईमेलने चालतो, पण पोच ठेवा. त्याआधी, शक्यतो त्याच दिवशी, कुठल्याही क्रांकनकासेला फोन करा. मोठ्या फंडांत इंग्रजी बोलणारी माणसं असतात. जर्मनीत पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या जास्त पगारवाल्याला तीन महिन्यांच्या आत स्वेच्छेने सार्वजनिक विम्यात शिरता येतं. १ सप्टेंबरपासून धरलं तर नोव्हेंबरअखेर. सभासदत्वाचं पत्र हातात घ्या, तुमचं आणि मुलीचं नाव कौटुंबिक विम्यात घालायचा फॉर्म भरा, आणि मिस्टरांना सांगा ते पत्र कंपनीच्या एचआरला द्यायला. चौदा दिवस हुकले तर करारातून सुटायला वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात, आणि तोवर तीन महिन्यांचं दारही लागलेलं असेल. ब्रोकरचा फोन येईल. 'आमचं ठरलंय' म्हणा आणि ठेवा. ओळख टिकायची असेल तर टिकेल.

ट्रॅव्हल इन्शुरन्सवर लहान मूल ठेवून महिना काढायचा, हा विचारही सोडा. तिची तिसऱ्या वाढदिवसाआधीची तपासणी, ज्याला तिथे 'यू सेव्हन ए' म्हणतात, तोंडावर आलीय. ट्रॅव्हल इन्शुरन्स अचानकच्या दुखण्यासाठी असतो, अशा तपासण्यांसाठी नाही. कीटाला गोवराच्या दोन डोसांचा पुरावाही लागतो, तेव्हा पुण्याचं लसीकरणाचं कार्ड सापडेल अशा जागी ठेवा.

पैसे कुठे गळतायत तेही बघून घ्या. पहिला पगार हातात ४,२०० च्या आसपास आला असेल, तर कर बहुधा एकट्या माणसाच्या किंवा दोघं कमावणाऱ्या जोडप्याच्या वर्गाने कापला गेलाय. एकच कमावता असेल तर फिनान्झाम्टकडे, म्हणजे कर कार्यालयाकडे, करवर्ग तीन (कमावत्याला, यात कर कमी कापतात) आणि पाच (दुसऱ्याला) मागता येतो. तुमच्या पगाराला महिन्याला पाचेकशे युरो जास्त हातात येतील. वर्षाच्या शेवटी विवरणपत्रात हिशेब सारखाच होतो, पण तुम्हाला पैसे आत्ता हवेत. लग्नाच्या दाखल्याचं प्रमाणित भाषांतर लागेल. आणि ते २५५ युरोंचं किंडरगेल्ड: ते आपोआप येत नाही, फामिलियनकासेकडे, म्हणजे हा भत्ता देणाऱ्या कार्यालयाकडे, अर्ज करावा लागतो, आणि मागचं मिळतं ते सहाच महिन्यांचं. अर्ज केल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही. रिलेशनशिप मॅनेजरने मात्र ते पैसे यायच्या आधीच खर्च करून ठेवलेत.

त्याचाच हिशेब आता. दहा वर्षांत ३० लाख भरायचे, अठरा वर्षांनी ५४ लाख. ऐकायला 'जवळजवळ दुप्पट'. परतावा काढला तर वर्षाला साडेचार टक्क्यांहूनही कमी. साधी पीपीएफ ७.१ टक्के देते. तुमचं जुनं खातं असेल तर ते मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवं मात्र उघडता येत नाही. करमुक्त म्हणजे भारतात करमुक्त. जर्मनीत राहणाऱ्याचं जगभरचं उत्पन्न जर्मनी बघते, तिथे भारतातला कायदा सांगून उपयोग नाही. आणि पैसे हातात येणार मुलगी वीस वर्षांची झाल्यावर, म्हणजे कॉलेज अर्धं झाल्यावर! त्यातही गंमत अशी, की ती तिथेच वाढली आणि तिथूनच बारावीसारखी 'आबिटुअर' परीक्षा दिली, तर सरकारी विद्यापीठात फी जवळजवळ नाहीच. तुमच्या राज्यात, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो पडतात, पण तिथे शाळा शिकलेल्यांना त्यातून सूट आहे. जिथे शिक्षण फुकट तिथे शिक्षणाचा प्लॅन विकणं, याला धाडस लागतं.

सहा हजार युरो म्हणजे तुमचे दोन महिन्यांचे खर्च. मिस्टर सहा महिन्यांच्या प्रोबेत्साइटमध्ये, म्हणजे नोकरीच्या परीक्षा-काळात, असतील, त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. तेव्हा विम्यातून वाचलेलं, करवर्गातून आलेलं आणि किंडरगेल्ड, सगळं आधी बचत खात्यात. पंधरा हजार होईपर्यंत कुठलाही 'प्लॅन' नाही. त्याआधी खरेदी करायच्या दोनच गोष्टी. एक, मिस्टरांचा साधा टर्म विमा. पुण्याच्या कंपनीचा गट विमा नोकरी सोडली तेव्हाच संपला, आणि घरात कमावतं माणूस एकच. तीन लाख युरोंचं संरक्षण महिन्याला वीस युरोंच्या आसपास मिळतं. दुसरी 'हाफ्टप्फ्लिश्ट', म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा, वर्षाला शंभर युरोंच्या आत. घेताना विचारा, सात वर्षांखालच्या मुलाने केलेलं नुकसान धरलंय का. कायद्याने इतकं लहान मूल जबाबदार नसतं, म्हणून साध्या पॉलिसीत ते सुटतं, आणि मग सायकलने ओरखडलेल्या गाडीचा मालक रोज जिन्यात भेटतो.

पुण्यातली खाती राहिली. परदेशी नोकरीला गेलात की साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं भारतातलं रुपयांचं खातं, करून घ्यावं लागतं, आणि म्युच्युअल फंडांतही रहिवासाची नोंद बदलावी लागते. तुमचा रिलेशनशिप मॅनेजर तुम्हाला 'एनआरआय' म्हणून प्लॅन विकतोय, पण खातं अजून निवासी आहे हे त्याला दिसलेलं नाही. पुढच्या आठवड्यात तो चेकसाठी फोन करेल. त्याला म्हणा, प्लॅनचं नंतर बघू, आधी एनआरओचे फॉर्म पाठव.