'कला शाखे'तली कला कोणती?

प्रश्न (दारव्हा तालुक्यातून): इतिहास, राज्यशास्त्र शिकणाऱ्या मुलीला 'कला शाखेची' का म्हणतात? त्यात कला ती कोणती? आणि राज्य'शास्त्र' विज्ञान शाखेत का नाही?

उत्तर: आधी "मार्क नाई भेटले, म्हणून आर्टले टाकलं" हे बोलणं बंद करा. प्रवेशाच्या दिवसांत गावोगावी पोरापोरींच्या तोंडावर ते बोललं जातं आणि फार संताप येतो.

चित्र, गाणं हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत. 'आर्ट्स'चं भाषांतर म्हणजे कला, एवढं सांगून जाणकार थांबतात. पण मध्ययुगीन युरोपातल्या त्या सात 'आर्ट्स'मध्ये व्याकरण, तर्क, वक्तृत्व यांच्याबरोबर अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलही होतं, हे कोण सांगणार?

आपला शब्द तर त्याहून सरस. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांच्या यादीत, 'कल्' म्हणजे मोजणे. आकलन, संकलन त्यातलेच. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथात बेरीज-वजाबाकीला संकलित-व्यवकलित म्हटलंय. कला म्हणजे मोजून पाडलेला भाग: चंद्राचा सोळावा, अंशाचा साठावा. काही आधुनिक व्युत्पत्तिकार या धातूशी असलेलं नातं संदिग्ध ठरवतात. मला ते साफ अमान्य. ऋग्वेदातही 'कला' भागाच्याच अर्थाने येते, मग मोजणीचा धातू सोडून जायचं कुठे?

आणि ही कला वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या रोजच्या कामातली आहे. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं, म्हणजे ८०० कलांचं. जूनमध्ये सूर्य रोज सुमारे ५७ कला सरकतो. भागून बघा: मिरुग (सूर्याचं मृग नक्षत्र) १४ दिवसांचा निघतो. जानेवारीत तोच सूर्य रोज ६१ कला चालतो, म्हणून तेव्हाचं नक्षत्र १३ दिवसांतच आटोपतं. पृथ्वी तेव्हा सूर्याच्या जवळ असते आणि वेगाने फिरते.

राज्यशास्त्राचं थोडक्यात: 'शास्' म्हणजे शिकवणे, शासन करणे. नियमांत बांधलेलं कुठलंही ज्ञान शास्त्र; प्रयोगशाळेची अट त्यात नाही. बारावीच्या गणिताच्या पुस्तकावरही 'कला व विज्ञान' असं दोन्ही छापलेलं असतं.

पडताळायचं असेल तर पंचांगातलं स्पष्ट ग्रहांचं, म्हणजे ग्रहांच्या त्या दिवशीच्या नेमक्या जागांचं, कोष्टक काढा. रकाने राशी, अंश, कला, विकला (कलेचा साठावा भाग) असे असतात. लागोपाठ दोन दिवसांचे रवीचे आकडे वजा करा, सूर्याची रोजची चाल निघेल. चूक हातच्यात होते: कलांच्या रकान्यात अंशाकडून १० किंवा १०० नव्हे, ६० घ्यायचे, अंशांत राशीकडून ३०.