एल्कच्या शिकारीला रायफल कोणती? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी कोलोरॅडो आणि आसपासच्या मराठी वाचकांकडून आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत. कायद्याचे मुद्दे अमेरिकेतल्या त्या त्या राज्यापुरतेच समजावेत.

प्रश्न : ऑक्टोबरच्या हंगामासाठी मला मादी एल्कचा (एल्क म्हणजे मोठं हरीण) टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, मिळाला आहे. शिकारीची ही पहिलीच वेळ. काडतूस .३०-०६ ठरवलंय. ऑफिसातला मित्र म्हणतो सेमी-ऑटोमॅटिकच घे, पुढचं काडतूस आपोआप भरलं जातं आणि दुसरी गोळी लगेच सुटते. दुकानदार मात्र बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीमागे हाताने बोल्ट (दांडा) मागेपुढे करायची रायफल, पुढे करतो. कुणाचं ऐकू? (अरोरा, कोलोरॅडो)

उत्तर : दुकानदाराचं ऐका. पण मित्राचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नाही.

एल्क फार चिवट जनावर आहे. मादी सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते, मोठा नर तीनशेच्या पुढे जातो. गोळी दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली तरी ते पुष्कळदा जागच्या जागी उभं राहतं, नाहीतर काहीच झालं नाही अशा चालीने कळपात मिसळतं. नवखा शिकारी ‘नेम चुकला’ समजून बघत बसतो आणि जखमी जनावर झाडीत दिसेनासं होतं. म्हणून नियम असा की ते खाली पडेपर्यंत स्कोपमधून डोळा काढायचा नाही आणि मागे दुसरं जनावर नाही याची खात्री करून दुसरी गोळी मारायची. दुसऱ्या गोळीला महत्त्व आहेच.

प्रश्न आहे तिला उशीर कशामुळे होतो हा. आठ पौंडी रायफलमधून १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) .३०-०६ गोळी सुटली की सुमारे २० फूट-पौंडांचा धक्का बसतो, नळी वर उडते आणि जनावर स्कोपमधून निसटतं. ते पुन्हा सापडायला जो वेळ जातो, तेवढ्यात सरावलेल्या हाताने बोल्ट मागेपुढे होऊन गेलेला असतो. गॅसवर चालणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये धक्का जरा पसरून बसतो आणि हात जागचा हलत नाही, हा तिचा खरा फायदा. पण तो एखाद्या सेकंदाचा आहे, आणि बोल्टवाल्याला तो सरावाने बराचसा भरून काढता येतो.

त्यासाठी डमी काडतुसं घ्या. खोलीत खरं काडतूस एकही नको. रायफल खांद्याला लावा, चाप ओढा आणि दस्ता खांद्यावरून न हलवता बोल्ट चालवा. रोज वीस वेळा, महिनाभर. नवख्याची ठरलेली चूक म्हणजे घाईत बोल्ट अर्धाच मागे ओढणं. मग एक तर पुंगळी (उडालेल्या काडतुसाचं रिकामं कवच) बाहेर पडत नाही, नाहीतर बोल्ट मॅगझिनमधल्या काडतुसाच्या मागे पोचतच नाही आणि रिकाम्या चेंबरवर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) बंद होतो. पुढे चाप ओढल्यावर नुसता ‘टक्’. बोल्ट मागे थडकेपर्यंत जोरात ओढायचा, ही सवय हाताला लागली पाहिजे.

अचूकतेवरून होणारा वाद आम्हाला फारसा पटत नाही. सेमी-ऑटोमॅटिकने शंभर यार्डांवर दोन इंचांचा ग्रूप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पसारा) दिला, तर तीनशे यार्डांवर तो सहा इंचांचा होईल. एल्कच्या हृदय-फुप्फुसांचा भाग १२ इंचांहून कमी नसतो. चाप मात्र महत्त्वाचा. बोल्ट-अ‍ॅक्शनचा चाप बहुधा अडीच ते चार पौंडांत बसवता येतो. शिकारी सेमी-ऑटोमॅटिकचा बऱ्याचदा पाच पौंडांच्या पुढे असतो, आणि धाप लागलेली असताना जड चाप नेम हमखास उजवीकडे-डावीकडे ओढतो. नऊ-दहा हजार फुटांवर धाप लागतेच. तिथे अर्धा-एक पौंड जादा वजनही जाणवतं.

आमच्या मते सर्वांत मोठा मुद्दा काडतूस चेंबरमध्ये भरण्याचा आहे, आणि त्यावर दुकानात कुणी बोलत नाही. सेमी-ऑटोमॅटिकचा बोल्ट पूर्ण मागे ओढून एकदम सोडावा लागतो. आवाज नको म्हणून हाताने हळूच पुढे नेलात, तर तो पुरता लॉक होत नाही आणि ऐन वेळी रायफल गप्प बसते. एकदम सोडलात, तर पहाटेच्या शांत स्प्रूसच्या रानात तो खणखणाट सगळा कळप ऐकतो. यातून सुटायला माणसं गाडीपाशीच काडतूस चेंबरमध्ये घालतात आणि दिवसभर भरलेली रायफल घेऊन आडव्या पडलेल्या ओंडक्यांवरून, निसरड्या दगडांवरून चालतात. नवख्याने हे मुळीच करू नये. बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये मॅगझिन भरलेलं आणि चेंबर रिकामं ठेवून चालता येतं, आणि जनावर दिसल्यावर बोल्ट सावकाश, जवळजवळ आवाज न करता बंद करता येतो.

गोळी १६५ किंवा १८० ग्रेनची, बाँडेड (आतलं शिसं वरच्या कवचाला घट्ट जोडलेली) किंवा संपूर्ण तांब्याची घ्या. २०० यार्डांवर झीरो करा, म्हणजे तिथे गोळी नेमाच्या जागीच लागेल असा स्कोप बसवा. १८० ग्रेनची गोळी मग ३०० यार्डांवर साधारण आठ-नऊ इंच खाली लागते. पहिल्या वर्षी त्यापलीकडे मारूच नका.

प्रश्न : शेजारी जुनी सेमी-ऑटोमॅटिक रेमिंग्टन ७४२ स्वस्तात देतोय. घ्यावी का? आणि सेमी-ऑटोमॅटिक थंडीत अडकतात हे कितपत खरं? (फोर्ट कॉलिन्स)

उत्तर : ७४२ हे मॉडेल १९६० ते १९८० या काळात बनलं. त्याचा एक दोष सगळ्यांना ठाऊक आहे. बोल्टच्या डोक्यावर बारीक लग (बोल्ट लॉक करणारे दात) ओळीने बसवलेले आहेत. हजारो फेऱ्यांत हा बोल्ट मागेपुढे होताना थरथरतो आणि रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याच्या) आतल्या पट्ट्यांवर खाचा पाडतो. खाचा खोल गेल्या की बोल्ट त्यांत अडकू लागतो. रिसीव्हरवर नंबर असतो, तो सुट्या भागासारखा बदलून मिळत नाही. तिथे रायफलचं आयुष्य संपलं. बघायला जाताना टॉर्च न्या. मॅगझिन काढून चेंबर रिकामं असल्याची खात्री करा, बोल्ट मागे अडकवा आणि आतल्या दोन्ही पट्ट्यांवरून टूथपिक फिरवा. ती आडव्या खाचांत अडखळली तर फुकट दिली तरी नको. चेंबरमध्ये गंजाचे खड्डे असतील तरीही नको, कारण पुंगळी त्यांत चिकटून बसते.

थंडीचं म्हणणं खरं आहे, पण दोष बहुतेक वेळा तेलाचा असतो. जाड तेल शून्याखाली वीस अंशांना चिकासारखं होतं. बोल्ट धीमा पडतो आणि काडतूस अर्ध्यावर अडकतं. हंगामापूर्वी बोल्ट, चाप आणि गॅस पिस्टन सॉल्व्हंटने धुऊन कोरडे करा. सरकणाऱ्या जागांवर थंडीत न गोठणाऱ्या पातळ तेलाचा थेंब पुसटसा लावा, पिस्टनवर थर ठेवू नका. बोल्ट-अ‍ॅक्शनवाल्यांनीही गाफील राहू नये. फायरिंग पिनच्या स्प्रिंगवरचं जुनं ग्रीस घट्ट झालं तर पिनचा ठोका हलका पडतो आणि काडतूस उडत नाही.

रात्री रायफल रिकामी करून बाहेरच थंडीत, कुलूपबंद ठेवा. तंबूतल्या शेगडीजवळ नेली की तिच्यावर दव धरतं, आणि पहाटे बाहेर काढली की त्याचा बर्फ होतो.

घरी काडतुसं भरत असाल तर सेमी-ऑटोमॅटिकसाठी पुंगळी पूर्ण लांबीने साइझ करा, म्हणजे साच्यात दाबून मूळ मापावर आणा. नुसती मानेला साइझ केलेली पुंगळी बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये दाबून बसवता येते, इथे ती अडकते. एआर-१० धर्तीच्या (लष्करी धाटणीच्या सेमी-ऑटोमॅटिक) रायफलमध्ये फायरिंग पिन मोकळी असते आणि बोल्ट बंद होताना प्रायमरला (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीला) हलकी टेकते. म्हणून तिथे कडक प्रायमरच वापरा.

प्रश्न : कोलोरॅडोत सेमी-ऑटोमॅटिकने एल्क मारायला परवानगी आहे ना? माझा भाऊ पेनसिल्व्हेनियात आहे, त्याचं काय? (बोल्डर)

उत्तर : कोलोरॅडोत आहे, पण मॅगझिन आणि चेंबर मिळून सहापेक्षा जास्त काडतुसं चालत नाहीत. ब्राउनिंग बीएआर या शिकारी सेमी-ऑटोमॅटिकच्या मॅगझिनमध्ये .३०-०६ ची चारच बसतात, तिथे प्रश्न नाही. एआर-१० ला पाचचं मॅगझिन लावा. बाकीच्या अटी सगळ्या रायफलींना सारख्या : कॅलिबर किमान .२४, एल्कसाठी फुलणारी गोळी किमान ८५ ग्रेनची, १०० यार्डांवर किमान १००० फूट-पौंड ऊर्जा, नळी किमान १६ इंच. चेंबरमध्ये काडतूस ठेवून रायफल गाडीत नेणं बेकायदा आहे.

१ ऑगस्ट २०२६ पासून मॅगझिन सुटं होणाऱ्या अनेक सेमी-ऑटोमॅटिकच्या खरेदीसाठी प्रशिक्षण आणि शेरीफकडून पात्रता कार्ड लागेल, असा राज्याचा कायदा आहे. काही शिकारी मॉडेलं त्यातून नावानिशी वगळली आहेत. पैसे देण्याआधी आपलं मॉडेल त्या यादीत आहे का ते पाहा.

पेनसिल्व्हेनियात मोठ्या जनावरांच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही. भावाने बोल्ट, लिव्हर किंवा पंप (तिन्हींत पुढचं काडतूस हाताने यंत्रणा चालवून भरायचं) न्यावी.

प्रश्न : मी एच-१बी वर आहे. रायफल घेता येईल का? (डेन्व्हर)

उत्तर : एरवी नाही. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक विकत घेणं तर सोडाच, जवळ बाळगणंही संघराज्याच्या कायद्याने मना आहे. मित्राची उसनी घेतली तरी तोच गुन्हा. पण कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना असलेल्यांना यातून सूट आहे. म्हणून क्रम पाळा : आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स (१ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कोलोरॅडोत तो सक्तीचा आहे), मग परवाना, मग दुकान. बंदूक खरेदीचा संघराज्याचा फॉर्म ४४७३ भरताना परवाना आणि राज्यात राहत असल्याचा पुरावा बरोबर ठेवा. परवान्याची मुदत संपू देऊ नका, कारण घरात ठेवलेल्या रायफलीलाही त्याचाच आधार आहे. शंका असेल तर वकिलाला विचारा, इथल्या चुकीने व्हिसाच जाऊ शकतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. कोलोरॅडोत खरेदी आणि ताबा यांमध्ये किमान तीन दिवस जावे लागतात, तेव्हा हंगामाच्या आदल्या आठवड्यावर ठेवू नका. झीरो करायलाही वेळ लागतो.

प्रश्न : मी डावखुरी आहे. बोल्ट उजवीकडेच असतो, मग सेमी-ऑटोमॅटिक बरी नाही का? (कोलोरॅडो स्प्रिंग्ज)

उत्तर : आधी तुमचा कोणता डोळा प्रबळ आहे ते बघा. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खांबाकडे बोट करा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने बोट खांबावरून हलत नाही, तो प्रबळ. तो उजवा निघाला तर उजव्या खांद्यावरून मारायला शिकणं सोपं जाईल. डावा निघाला तर डाव्या हाताचा बोल्ट असलेली रायफल घ्या. टिक्का, सॅव्हेज, रूगर यांच्याकडे अशी मॉडेलं असतात. सेमी-ऑटोमॅटिक डाव्या खांद्यावर चालते, पण पुंगळ्या उजवीकडे, तुमच्या नजरेसमोरून उडतात. लिव्हरमध्ये ब्राउनिंग बीएलआर दोन्ही हातांना सारखी आणि तिचं मॅगझिन पेटीचं, म्हणून टोकदार गोळ्याही चालतात. विंचेस्टर ९४ सारख्या नळीच्या मॅगझिनमध्ये त्या कधीच घालू नका. काडतुसं एकामागे एक बसतात, गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकतं आणि धक्क्याने ते मॅगझिनमध्येच उडू शकतं. त्यात चपट्या टोकाच्या किंवा मऊ लवचीक टोकाच्या गोळ्याच घाला.