राख आणि राखण

प्रश्न : एप्रिलमध्ये आम्ही व्हर्जिनियातील शेनान्डोह राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. डोंगरमाथ्यावरून जाणाऱ्या स्कायलाइन ड्राइव्ह या रस्त्यालगत बिग मेडोज नावाचे विस्तीर्ण कुरण आहे. त्याचा एक भाग काळाठिक्कर पडलेला दिसला. वणव्याविषयी विचारले, तेव्हा 'तो आम्हीच जाळला' असे तेथील कर्मचाऱ्याने सांगितले. गावाकडे वणवे विझवण्यात आमची हयात गेली. मग संरक्षित उद्यानात मुद्दाम आग का लावतात?
– एक वाचक, मेरीलँड

उत्तर : आपल्याला पडलेला प्रश्न रास्त आहे. तो रस्ता १६९ किलोमीटर लांबीचा असून बिग मेडोज त्यावरील ५१व्या मैलाजवळ आहे. १९३६ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी उद्यानाचे लोकार्पण केले ते याच कुरणावर. पूर्वी तेथे गुरे चरत असत. उद्यान झाल्यावर चराई थांबली, आणि मोकळी राहिलेली आजूबाजूची शेते व कुरणे हळूहळू रानाने व्यापली. बिग मेडोज उघडे राहिले आहे, ते केवळ माणसाने राखले म्हणून. त्यासाठी कुरणाचे भाग पाडून कधी जाळणी, कधी कापणी केली जाते आणि काही भागाला विश्रांती दिली जाते.

गवताचे कोंब जमिनीलगत किंवा जमिनीखाली असतात आणि आगीची धग बहुतांशी वर जाते. त्यामुळे वाळलेले पाते जळून गेले तरी मूळ शाबूत राहते, उलट झुडपांचा व रोपांचा वरचा भाग मरतो. तोही पुन्हा फुटतोच, म्हणून एकदा जाळून भागत नाही.

यात आग लावणे हा सर्वांत सोपा भाग आहे. वारा, हवेतील आर्द्रता आणि तापमान यांच्या मर्यादा आराखड्यात आधीच लिहिलेल्या असतात. त्यांत दिवस बसला नाही, तर सगळी तयारी झालेली असूनही काम रद्द होते. प्रथम लहानसा तुकडा पेटवून ज्वाळांची चाल पाहतात. मग वारा ज्या दिशेला वाहतो त्या कडेला, नळीतून पेटते थेंब गाळणाऱ्या डब्याने आग लावतात, म्हणजे ती वाऱ्याविरुद्ध रांगत मागे सरकते आणि पुढे जळालेला पट्टा तयार राहतो. डांबरी रस्ता हीच अनेकदा आयती जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवतविरहित पट्टा, ठरते. मात्र त्याच रस्त्यावर धूर उतरला, विशेषतः रात्री थंड हवेत धुक्यात मिसळला, तर समोरची गाडी दिसत नाही. त्यामुळे ज्वाळांइतकीच धास्ती धुराची असते. शेवटी विझलेल्या राखेवरून हाताची मागची बाजू फिरवून कुठे धग उरली आहे का, हे पाहतात.

चूक होतच नाही, असे मात्र नाही. मे २००० मध्ये न्यू मेक्सिकोतील बँडेलियर या संरक्षित स्थळी, शेनान्डोह सांभाळणाऱ्या राष्ट्रीय उद्यान खात्यानेच लावलेली आग हाताबाहेर गेली आणि लॉस अलामोस गावातील दोनशेहून अधिक घरे जळाली.

आपल्या गावच्या वणव्याला हे समर्थन लागू पडत नाही. तेथे वनखातेही उन्हाळ्यापूर्वी जाळरेषांवरील गवत जाळते, परंतु ते आग अडवण्यासाठी. 'चांगले गवत येते' म्हणून भर उन्हात कोणीतरी टाकलेल्या काडीला ना आराखडा असतो, ना पाण्याचा टँकर, आणि राखीव जंगलात तो १९२७च्या वन कायद्यानुसार गुन्हाही आहे.