आठवडे बाजारातून आणलेली पिल्लं कडकनाथ आहेत का, आणि त्यात कोंबडे किती?

तुम्ही लिहिलंय, हडपसरला 'कडकनाथ' म्हणून आठ पिल्लं घेतली, वय दहा-बारा दिवस, अंगावर काळी पिसं. नुसत्या काळ्या पिसांवर जाऊ नका, काळी गावठीही असते. पिल्लू हातात घ्या, चोच हलकेच उघडून जीभ बघा, मग पंखाखालची कातडी. कडकनाथची कातडी, पाय, नख्या, जीभ सगळीकडे काळपट झाक असते. पाय पिवळे किंवा जीभ गुलाबी निघाली तर समजा, गंडवलंय. अर्धवट काळपट म्हणजे बहुतेक संकर. (मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाची खासियत म्हणून सरकारी नोंद, मिळालं, तेव्हापासून प्रत्येक काळं पिल्लू कडकनाथच झालंय!)

नर-मादीचं म्हणाल तर इतक्यात सांगता येत नाही. हॅचरीत पहिल्या दिवशी गुदद्वार तपासून ओळखणारे कसबी लोक असतात. घरी तो प्रयोग नको, पिल्लाला इजा होते. पंखांच्या पिसांवरून ओळखायची युक्ती ठरावीक संकरांतच चालते, गावठीत नाही. पाय धरून उलटं लोंबकळवणं वगैरे थोतांड.

सहा आठवडे थांबा. नराचा तुरा ठळकपणे मोठा होतो, पाय जाड दिसतात. मात्र कडकनाथचा तुरा काळपट, त्यामुळे लाली शोधत बसू नका, आकार बघा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मानेची आणि शेपटीजवळची पिसं टोकदार, चकचकीत झाली की कोंबडा. तलंगीची, म्हणजे अजून अंडी न घातलेल्या तरुण कोंबडीची, गोलसर राहतात.

आरवणारा सापडला की सोसायटीवाले स्वतःच येऊन सांगतील.