आधी फेटलिंगच्या शेडमध्ये जा

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझी नेमणूक पुरवठादारांच्या तपासणीच्या खात्यात झाली आणि पहिलीच फेरी कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत आहे, हे बाबांकडून कळलं. ऑडिटला गेल्यावर नेमकं काय बघायचं, असं तू विचारलंस. मी तीस वर्षं फौंड्री, म्हणजे धातू ओतून भाग बनवायचा कारखाना, चालवली. तुझ्यासारखी माणसं येणार म्हटलं की आदल्या रात्री काय काय झाकलं जातं ते मला माहीत आहे, कारण त्यातलं काही मी स्वतः झाकलेलं आहे.

कंपनीची आचारसंहितेची पुस्तिका मिळाली असेल. बालमजूर नकोत, कुणाला डांबून राबवायचं नाही, ओव्हरटाइम दुप्पट दराने, सांडपाणी प्रक्रियेशिवाय सोडायचं नाही, लाच नाही. सगळं योग्यच आहे, पाठ कर. पण ती घेऊन ऑफिसात बसू नकोस. पोहे येतील, फायली येतील, भिंतीवरची प्रमाणपत्रं दाखवतील आणि दुपार होईल. तू आधी फेटलिंगच्या शेडमध्ये जा.

कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, साच्यातून निघालं की त्याला वाळू चिकटलेली असते. ती ग्राइंडरने काढायची, कडा घासायच्या, हे फेटलिंग. त्या वाळूत सिलिका. डोळ्यांना दिसते ती धूळ खाली बसते. न दिसणारी बारीक धूळ हवेत तरंगत राहते आणि छातीत खोल उतरते. तोंडाला रुमाल बांधून ती थांबत नाही. त्याला धूळ ओढून घेणारी यंत्रणा लागते, चांगला मास्क लागतो आणि दरवर्षी छातीची तपासणी लागते.

माझ्याकडे फेटलिंगला एक माणूस होता, हात अतिशय सफाईचा. त्याला खोकला सुरू झाला. टीबी म्हणून कितीतरी महिने गोळ्या खाल्ल्या, उतार पडेना. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, काम काय करतोस? तेव्हा सिलिकोसिस निघाला, म्हणजे त्याच सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा रोग. खराब झालेली फुप्फुसं परत पहिल्यासारखी होत नाहीत. भरपाईसाठी कागद जमवायला त्याची बायको आली, तर आमच्या हजेरीपटावर त्याचं नावच नव्हतं. तो ठेकेदाराचा माणूस. दोनच वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीच्या प्रश्नावलीत 'ठेका कामगारांच्या आरोग्याची तपासणी होते का' या प्रश्नापुढे मी 'होय' लिहिलं होतं. तपासायला कुणी आलं नाही. मी लिहिलं, त्यांनी मानलं. ती खूण माझ्या हातची आहे, ती मला दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

म्हणून कागदाला कागदाने तपास. हजेरीपट व्यवस्थित असेल, कारण तो तुझ्यासाठीच लिहिलेला असतो. भट्टीचं हीट बुक माग. किती वाजता धातू ओतला, कितव्या शिफ्टला, ते त्यात असतं आणि ते खोटं लिहून उत्पादन चालत नाही. सुट्टीच्या दिवशी भट्टी पेटली असेल आणि हजेरी कोरी असेल, तर माणसं कुठून आली ते विचार. मग विचार की जॉबवर्क, म्हणजे बाहेरून करून घेतलेलं काम, कुठे जातं. तपासणी लागली की धुळीचं काम पलीकडच्या गल्लीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये पाठवणारे आहेत. तुझ्या कंपनीचा माल तिथेही असतो, गेटवरची पाटी तेवढी तुझ्या यादीत नसते.

कामगारांशी मालक जवळ नसताना बोल. बिहार-ओडिशाची पोरं बरीच आहेत, हिंदीत बोल. आधार कार्ड कुणाकडे असतं आणि पगारातून उचल किती कापली जाते, एवढं विचारलंस तरी पुष्कळ कळेल. अहवालात त्यांची नावं लिहू नकोस.

सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीत कपड्यांच्या एका कारखान्याला आग लागली, २५०हून जास्त माणसं गेली. त्या कारखान्याला एसए ८००० हे कामगारांच्या हक्कांचं प्रमाणपत्र मिळून जेमतेम काही आठवडे झाले होते. खिडक्यांना गज होते. गज बघायला प्रमाणपत्र लागत नाही, तिथे जावं लागतं.

आता तुझ्या कंपनीबद्दल, कारण हे तुला तिथे कुणी सांगणार नाही. दरवर्षी खरेदी खातं दर कमी करून मागतं. भंगाराचा भाव आणि विजेचा दर फौंड्रीवाल्याच्या हातात नसतो. हातात काय उरतं? मजुरी, आणि धूळ ओढणारा पंखा. मग महिनाअखेरीला शेड्यूल, म्हणजे मालाची मागणी, अचानक दीडपट होतं आणि त्याच महिन्यात तू ओव्हरटाइम जास्त झाला म्हणून शेरा मारणार. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावं, असं २००६चा कायदा सांगतो. ते व्याज मी आयुष्यात एकदाही मागितलं नाही. मागितलं असतं तर पुढची ऑर्डर आली नसती. पुरवठादाराच्या नीतीची तपासणी करायची, तर त्याला पैसे कधी मिळाले हेही त्याच कागदावर यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि चूक सापडली की लगेच ऑर्डर तोडायची शिफारस करू नकोस. ऑर्डर गेली की आधी फेटलिंगवाल्याचं काम जातं, आणि शेजारचा मालक पुढच्या वेळी आणखी नीट झाकायला शिकतो. मुदत दे, यंत्रणेचा खर्च दरात धरायला लाव, तीन महिन्यांनी न सांगता परत जा. माणसाला जाणूनबुजून कोंडलेलं किंवा लहान पोराला भट्टीवर लावलेलं दिसलं तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही. पण पोराची शाळा आणि घरचा खर्च कोण बघणार हे ठरवूनच त्याला तिथून हलव.

पहिल्याच अहवालात तुझ्या खरेदी खात्याचं नाव लिहायची वेळ आली, तर लिहिण्याआधी एकदा घरी ये. दरकपातीची आणि उशिरा आलेल्या पैशांची माझी सगळी जुनी पत्रं मी जपून ठेवली आहेत. आकडे कसे मांडायचे ते दोघं बसून बघू.

तुझा,
काका